काचेवर दिसते तिची व्यवस्था

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, धंद्याने छायाचित्रकार, वयाने ऐंशीच्या उंबरठ्यावरचा, राहणार स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर, असे लिहून ठेवतो की हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र आहे. ते मी माझ्या हाताने, सकाळच्या उजेडात, पोटभर नाश्ता करून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असलेच तर वकिलांचे आहे, आणि तेही 'थोडक्यात लिहा' एवढ्यापुरते. मी पूर्ण शुद्धीत आहे आणि माझी बुद्धी ठिकाणावर आहे. असे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते आणि सहसा कोणी ते वाचतही नाही. माझ्या बाबतीत मात्र सगळा वाद त्याच वाक्यावरून होणार आहे, म्हणून त्याचा खुलासा कलम पाचमध्ये केला आहे.

डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करत जायला लावले आणि खिडकीबाहेर काय दिसते ते सांगायला सांगितले. मी सगळे बरोबर सांगितले. कॅमेऱ्याच्या काचेवर काय दिसते ते त्यांनी विचारले नाही. विचारले नाही ते सांगितले नाही, तर त्याला खोटे म्हणत नाहीत, असे वकिलांचे मत आहे.

कलम १. घर, म्हणजे वरचा मजला आणि खालची स्टुडिओची मागची खोली, माझ्या मुलीला. ती एकुलती एक आहे, त्यामुळे यात भांडायला कोणी नाही. जिन्याची तिसरी पायरी सैल आहे, ती मुलीला लहानपणापासून माहीत आहे. भाडेकरू ठेवला तर त्यालाही सांगावी. स्टुडिओच्या उत्तरेच्या खिडकीला पडदा लावू नये. सगळ्या घरात तेवढा एकच उजेड असा आहे की ज्याची सावली माणसाच्या तोंडावर ओरखडा काढत नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलीचे. किती आहे ते बँकेला माहीत आहे.

कलम ३. समोरचे, रस्त्याकडचे दुकान धाकट्या भावाचे. आजही ते तोच वापरतो, पण कागदावर माझे आहे. माझ्या पश्चात कागदावरही त्याचे व्हावे. तिथे त्याची संगणकाची यंत्रे आहेत आणि चहा निवायच्या आत ओळखपत्राचा फोटो हातात मिळतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याचे त्याला लखलाभ.

तक्रार आहे ती अशी. माझी बायको गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा फोटो शोधू लागलो, तर घरात एकही निघेना. मेहुणी सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजी, जगाचे फोटो काढलेत आणि हिचा एक नाही?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असे तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वाचता येत होते. शेवटी वाचनालयवाल्यांनी ओळखपत्रासाठी काढलेला नखाएवढा फोटो सापडला. भावाने तो नेला आणि तासाभरात खिडकीएवढा करून आणला. पाहतो तर त्यात ती हसत होती.

"दादा, ओठांचे कोपरे जरा वर उचललेत," तो म्हणाला. "बरं दिसतं."

कोणाचे आहे ते हसू मला आजपर्यंत कळलेले नाही. त्याच्या यंत्रात तयार मिळत असावे. तो फोटो अजून त्याच्या दुकानात, गल्ल्याच्या वर टांगलेला आहे. दुकान त्याला देताना माझी एकच अट आहे, की तो फोटो त्याने उतरवावा. अट पाळली नाही तर काय, असे वकिलांनी विचारले. काही नाही. दुकान त्याचेच राहील, आणि मला राग येत राहील.

कलम ४. अंधाऱ्या खोलीतली तबके, लाल दिवा, तराजू आणि रसायनांच्या बाटल्या, यातले जे चालू स्थितीत असेल ते कला महाविद्यालयाला द्यावे, त्यांनी नको म्हटले तर भंगारात. सुतार, ज्याने गेली कित्येक वर्षे कॅमेऱ्याच्या चौकटी, खिळे न ठोकता, डिंकावर टिकवून धरल्या, त्याला माझे सागवानी टेबल द्यायचे होते. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकील म्हणाले. म्हणून टेबल मी कालच त्याच्याकडे पोचते केले आणि आता हे खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहितो आहे. अक्षर वाकडे आले असेल तर त्याचे कारण ते आहे.

कलम ५. आता त्या वाक्याचा खुलासा.

ज्यांनी लाकडी कॅमेरा वापरलेला नाही, म्हणजे बहुतेक न्यायाधीशांनीही नसावा, त्यांच्यासाठी सांगतो. पुढे पितळी नळीत भिंग, मागे दुधी काच, मध्ये चामड्याचा घड्या पडणारा भाता आणि खाली लाकडी पट्टी. समोर जे असेल ते भिंगातून येऊन काचेवर उमटते, पण उलटे: डोके खाली, पाय वर, डावे ते उजवीकडे. आपण डोक्यावर काळे कापड घ्यायचे आणि पितळी चावी फिरवून भाता लांब-आखूड करायचा. चित्र रेखीव झाले की चावी घट्ट करायची. समोरचे माणूस जितके जवळ, तितका भाता लांब करावा लागतो. एवढे लक्षात ठेवावे, पुढे लागेल. मग काचेच्या पुढे, जिच्यावर फोटो उमटतो ती प्लेट सरकवायची आणि भिंगाचे टोपण काढायचे. प्लेट घातली की काच आंधळी होते. म्हणजे फोटो निघतो नेमका त्याच वेळी काढणाऱ्याला काही दिसत नसते.

चावी फिरवायला वेळ लागतो, आणि गिऱ्हाइकाला तेवढा वेळ बसवले तर त्याच्या चेहऱ्याचा दगड होतो. म्हणून आधी त्याच्या जागी दुसरे कोणी बसवून फोकस लावून घ्यायचा. आमच्याकडे बायको बसायची. न्यायाधीश येणार असतील तर ती पाठ ताठ करून बसे, ठेकेदार येणार असेल तर पोट पुढे काढून. "अहो, भाता थोडा लांब घ्या," ती सांगे, "हा गडी खुर्चीत मागे टेकणाऱ्यातला नाही." आणि गडी येई तो खुर्चीच्या अगदी कडेला बसे. नवरीच्या जागी बसताना मात्र ती कसलीच नक्कल करीत नसे. नुसती बसे.

फोकस जवळच्या डोळ्यावर लावायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. लांबचा डोळा थोडा विरघळला तरी चालतो. जवळचा विरघळला तर माणूसच हाती लागत नाही. तिचा जवळचा डोळा मी जितका पाहिला तितके जगात दुसरे काही पाहिलेले नाही. आणि सगळे उलटे. कधीकधी जेवायच्या टेबलावर तिचा सरळ चेहरा समोर आला की क्षणभर परक्या बाईसारखा वाटे. ती ओळखायची. "अहो, घरात तरी माझ्याकडे सरळ बघत जा," म्हणायची, आणि भाजीचा वाडगा माझ्याकडे ढकलायची.

मेहुणीला आणि इतरांना जे कधी सांगितले नाही ते इथे सांगतो. मी तिला फोटोसाठी विचारले नाही असे नाही. दर वर्षी विचारले. प्लेट हातात धरून विचारले. ती म्हणायची, "मी बसते ती दुसऱ्याच्या जागेवर. माझाच फोटो काढलात तर मग मी कुणाच्या जागेवर बसले म्हणायचं?" आणि उठून जायची. काचेवर रोज दिसते तेवढे पुरे आहे, असे तिचे म्हणणे होते. मलाही ते पटले होते, कारण काचेवर ती रोज दिसणारच होती.

ती गेली ती दवाखान्यात, दुपारी, मी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेलो होतो तेवढ्यात. तिच्या जाण्याचे दुःख मला रोज होते. हे लिहायला वकिलांची हरकत नसावी.

त्यानंतर मी खुर्चीत झाडू उभा करून फोकस लावू लागलो. झाडूला डोळे नसतात. सगळे फोटो मऊ, पुसट येऊ लागले आणि गिऱ्हाईक भावाच्या दुकानात वळू लागले. मग एक दिवस निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. त्यांना लाकडी कॅमेऱ्यावरच फोटो हवा होता. त्या बाहेर आरशापुढे केस सारखे करीत होत्या. मी आत कापडाखाली डोके घातले आणि काचेवर ती होती. करडा स्वेटर, हात मांडीवर, डोके खाली आणि पाय वर, जशी नेहमी. कापड दूर करून पाहिले तर खुर्चीत झाडू. पुन्हा आत गेलो तर ती.

मी घाबरलो. पण बाहेर गिऱ्हाईक खोळंबले होते आणि ही आपल्या जागेवर बसली होती, तेव्हा सवयीने जे करायचे तेच हातांनी केले. जवळच्या डोळ्यावर फोकस लावला, चावी घट्ट केली, झाडू उचलला आणि बाईंना बसवले. त्या फोटोत त्यांच्या पापणीचा केस न् केस वेगळा दिसतो. फोटो पाहून त्या म्हणाल्या, "या वयात एवढं स्पष्ट कशाला काढलंत हो?"

झाडूवर लावलेला फोकस असा येत नाही. हा माझा पहिला पुरावा. तो फोटो बाईंच्या घरी आहे, ज्याला शंका असेल त्याने जाऊन पाहावा.

कलम ६. तेव्हापासून ती काचेवर आहे. कापड दूर केले की नसते. मी हे कोणालाही सांगितले नव्हते, पण भावाने एकदा मला कापडाखाली बोलताना ऐकले. खोलीत दुसरे कोणी नव्हते. काय बोलत होतो ते फारसे महत्त्वाचे नाही; पाण्याचे बिल जास्त आले होते, त्याबद्दल बोलत होतो.

गेल्या थंडीपासून मात्र बदल झाला आहे. ती काचेवर धूसर दिसू लागली. मला वाटले मोतीबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की डोळे अजून चांगले आहेत. मग मी भाता थोडा लांब केला, आणि ती रेखीव झाली. तिच्यामागे खुर्ची धूसर झाली. ती उठून उभी राहिली होती आणि एक पाऊल पुढे आली होती. पुढच्या आठवड्यात भाता आणखी थोडा लांब करावा लागला. पट्टीवर मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत; पहिली खूण खुर्चीची, पुढच्या सगळ्या तिच्या. ती येते आहे. घाई करीत नाही, पण येते आहे, आणि एकही पाऊल मागे घेतलेले नाही.

पट्टी आता संपत आली आहे. भाता दुपटीने लांब झाला की काचेवरचे माणूस खऱ्या माणसाएवढे होते, हे धंद्यातल्या कोणालाही विचारावे. तेव्हा माझ्या काचेवर फक्त चेहरा मावेल. त्यानंतर भात्याला जागा नाही आणि तिलाही नाही. हा कागद मी आत्ताच का करतो आहे, ते यावरून कळावे.

कापडाखाली जायची मला अजूनही भीती वाटते. मी न जाण्याचाही प्रयत्न करून पाहिला. ते जास्त वाईट असते. मग दिवसभर, भाजी चिरताना, जिना चढताना, कोणाशी बोलताना वाटत राहते की कोणाला तरी जागेवर उभे करून आपण विसरून गेलो आहोत. दुपारपर्यंत मी पुन्हा कापडाखाली असतो.

म्हणून कॅमेऱ्याबद्दल असे ठरवतो. लाकडी कॅमेरा, भिंग, काच, कापड, स्टँड आणि ती खुर्ची, हे सगळे एकत्र, एकाच खोलीत, मुलीला. भावाने एक हॉटेलवाला शोधून ठेवला आहे. तो भिंगाच्या जागी दिवा बसवून कॅमेरा दारात शोभेला ठेवणार आहे. हे होऊ नये. तसेच काचेवर दिसते तिचा फोटो कोणीही काढू नये. तिने जन्मभर नाही म्हटले आहे. आता तिला बोलता येत नाही म्हणून तिचा होकार गृहीत धरायला मी काही माझा भाऊ नव्हे.

कलम ७. हे कलम मुलीला उद्देशून आहे, म्हणून यात 'तू' असे लिहितो. वकिलांनी हे कलम गाळायला सांगितले होते. मी त्यांना चहा पाजला आणि कलम ठेवले.

काकाने तुला फोन करून सांगितले की बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, मृत्युपत्र होण्याआधी काहीतरी कर. तू बांधत असलेल्या पुलाचे काम टाकून आलीस. आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता म्हणालीस, "बाबा, मला दाखवा."

तू कापडाखाली जाण्याआधी मी काय केले ते तुला माहीत नाही. चावी फिरवून भाता मागे घेतला आणि खुर्चीच्या खुणेवर आणून ठेवला. तिच्या खुणेवर नाही. मी आधीच काहीतरी जुळवून ठेवले होते, असे कोणी म्हणू नये म्हणून. त्या खुणेवर खुर्ची अगदी लखलखीत दिसते. रिकामी खुर्चीच बघायची असेल तर चावीला हात लावायचे कारण नाही.

तू आत गेलीस. मी स्टँडला धरून बाजूला उभा होतो, कारण त्याच्याखालची फरशी हलते. आधी काही वेळ काहीच झाले नाही. मग चावी फिरल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला, अगदी बारीक, मी तुला लहानपणी शिकवले होते तसा, पुढे जाऊन किंचित मागे येण्याचा. नंतर तू बराच वेळ आत होतीस. बाहेर आलीस, कापडाची नीट घडी घातलीस आणि म्हणालीस, "काही नाही बाबा. खुर्ची आहे."

"बरं," मी म्हणालो.

"डोळे तपासून घ्या एकदा," म्हणालीस आणि चहा टाकायला वर गेलीस.

मी कशालाही हात न लावता कापडाखाली गेलो. भाता खुर्चीच्या खुणेवर नव्हता. खुर्ची मागे धुरकट झाली होती, आणि तुझ्या आईचा जवळचा डोळा इतका रेखीव होता, की तितका मला स्वतःला कित्येक दिवसांत लावता आला नव्हता.

खोटे तू आईसारखेच बोलतेस, आवाज न बदलता. मी वर येऊन चहा प्यायलो आणि तुला काही विचारले नाही. तू पुन्हा नाही म्हणाली असतीस, तर 'बुद्धी ठिकाणावर आहे' या वाक्यावर मला स्वतःलाच रेघ मारावी लागली असती. हो म्हणाली असतीस तरी ते माझ्या समाधानासाठी म्हणालीस की काय, असे वाटत राहिले असते. तुझा राग आलेला नाही. आपण दोघे एकाच माणसाकडे बघत होतो आणि एका टेबलावर बसून पुलाबद्दल बोलत होतो, एवढेच वाईट वाटले.

तुला साक्षीदार करावे असे माझ्या मनात होते. पण घर आणि कॅमेरा तुला मिळणार, त्यामुळे सुताराच्या टेबलाचा नियम तुलाही लागू आहे. तुला ते सगळे द्यायचे की तुझी साक्ष घ्यायची, यातले एकच करता येत होते. मी वकिलांना सांगून साक्षीदारांच्या खाली आणखी एक रेघ मारून घेतली आहे. कायद्याला तिची गरज नाही, असे ते म्हणाले. नसू दे. सहीच्या दिवशी हा कागद आधी तुला वाचायला देईन. त्या रेघेवर काही लिहायचे असेल तर लिही. ती कोरी राहिली तरी घर तुझेच आहे आणि कॅमेराही तुझाच. मात्र भात्याची पट्टी संपण्याआधी मला एवढे कळायला हवे, की मी एकटाच बघत होतो की नाही.

माझ्यामागे काय करायचे ते तू ठरव. बघवत नसेल तर काच काढून गुंडाळून ठेव, मग तो नुसता लाकडाचा खोका आहे. पण काच काढण्याआधी तिला तसे सांग. न सांगता काढू नकोस.

येणेप्रमाणे लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले. खाडाखोड नाही. दोन ठिकाणी शाई पसरली आहे, ती कट्ट्यावरच्या ओलीमुळे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: स्टुडिओची मागची खोली, उत्तरेच्या खिडकीशी.

तारीख: वकिलांच्या शिक्क्यात आहे तीच.

मृत्युपत्र करणार: (सही) छायाचित्रकार

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्याला मी तपासले आहे. कलम पाच ते सात मी आज प्रथमच वाचली. दाखला मागे घेत नाही.

साक्षीदार दुसरे: (सही) सुतार. टेबल पोचलं.

तिसरी रेघ: (वेगळ्या शाईत, बारीक अक्षरात)

बाबा, आई होती. जवळच्या डोळ्यावर फोकस लावला, पण ती भिंगात बघत नव्हती. बाजूला बघत होती, स्टँड धरून तुम्ही उभे होतात तिकडे. मी एवढा वेळ थांबले, माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. म्हणून खुर्ची आहे म्हणाले.

(सही) मुलगी